साडूंची दुसरी

पहिली गाडी माणूस का घेतो, हे कुणी विचारत नाही. दुसरी घेतली की चौकशी समिती बसते. तिच्यापुढे सांगायची काही कारणं समाजमान्य आहेत. बायकोला नोकरीवर जायला, मुलीच्या क्लासला, म्हाताऱ्या वडिलांना डॉक्टरकडे न्यायला. आमच्या साडूंनी सांगितलेलं कारण यांतल्या कशातच बसेना. "पहिलीच्या अंगाला हात लावायला मन धजत न्हाई," ते म्हणाले, "म्हणून दुसरी आणली. हिला उघडायची."

हे वाक्य मी भरल्या पानावर ऐकलं. आक्कांच्या हातातला आमटीचा डाव तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो शांतपणे पातेल्यात परत ठेवला, आणि त्या दिवशी दाजींचं जेवण आमटीशिवाय झालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे, म्हणजे आक्कांचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. माणूस मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला. तिथली पोरं लेथच्या आवाजात पाढे पाठ करतात आणि आवाज थांबला की झोपेतून उठतात. दाजींचे वडील शेतीपंपांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. नोकरीनं दाजींना चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला आणून टाकलं. तिथल्या एका ओतकामाच्या कारखान्यात लॉऱ्यांच्या इंजिनांचे ब्लॉक ओतण्यात त्यांची हयात चालली आहे. राहायला कत्तिवाक्कमला. मी चेन्नईतच पॅरीज कॉर्नरला कारकुनी करतो. मराठी जेवण आणि मराठी भांडण या दोन्हींची सोय एकाच घरी असल्यानं सुटीच्या दिवशी पाय आपसूक तिकडे वळतात.

पहिली गाडी म्हणजे लाल पोलो, जीटी टीएसआय. चाकणची लेक. इंजिन 1.2 लिटरचं, टर्बोचं, 105 अश्वशक्तीचं. पोलोचं उत्पादन 2022 साली आपल्याकडे थांबलं, आणि दाजींच्या मनात तिचा भाव दुप्पट झाला. तेव्हापासून ती कपाटातल्या पैठणीसारखी ठेवली आहे. कव्हरवर कव्हर, महिन्यातून एकदा ऊन दाखवणं, आणि लग्नकार्याशिवाय बाहेर काढणं नाही. पाऊस असला तर लग्नकार्यालाही नाही. एकदा वरातीसाठी मागायला शेजारचे आले, तेव्हा दाजींनी नवरदेवाचं वजन विचारलं होतं.

दुसरी मात्र उघडायला आणलेली. पिवळी ऑक्टेव्हिया आरएस. आपल्याकडे ती 2004 च्या सुमारास आली. 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, एका सिलिंडरला पाच असे वीस व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. तेव्हा हा आकडा ऐकून लोक तोंडात बोटं घालायचे. गाडीचं घराणं चेक प्रजासत्ताकाचं, जन्म मात्र तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याचा. त्यामुळे दाजी तिला 'आपल्या मराठवाड्याची' म्हणतात. ती पुण्याहून आणली. पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेली, एमएच-12 पाटीची, आणि दाजींच्या मते 'फुकटात'. हा शब्द आक्कांनी ऐकला आणि त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडू लागल्या. आधी पुण्याहून ना हरकत दाखला. मग तामिळनाडूचा रोड टॅक्स, कारण परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर इथली पाटी लावावी लागते. जुन्या गाडीचं नोंदणी-नूतनीकरण वेगळं, तेही पाच-पाच वर्षांनी. पुण्यात भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळतो म्हणतात, पण दाजींनी तो अर्ज अशा श्रद्धेनं केला आहे की त्यात फळाची अपेक्षा नाही. कॅलेंडरवर जागा संपली तेव्हा गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

"दाजी, पण एन्नोरला वेगाची गाडी कशाला?" मी विचारलं. एन्नोरला एकदा गेलेला कुणीही हेच विचारेल. तिरुवोट्रियूरहून समुद्राच्या कडेनं तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नावात एक्स्प्रेस आहे. बाकी सगळा कारभार मालगाडीचा. बंदराकडे निघालेल्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, रांगेत लुंगी गुडघ्यावर घेऊन बसलेले ड्रायव्हर, ट्रेलरांच्या मधून वाट काढणारी चहाची सायकल. त्या रांगेत फेरारी उभी केली आणि बैलगाडी उभी केली तर पोचायच्या वेळेत फरक पडणार नाही. बैलगाडीला वरून हवा तरी लागेल.

गंमत म्हणजे गाडी या वस्तूशी एन्नोरचं नातं जुनं आहे. रघुनंदन सरन यांनी 1948 साली अशोक मोटर्स काढली. अशोक हे त्यांच्या मुलाचं नाव. एन्नोरच्या त्या कारखान्यात आधी जोडल्या गेल्या त्या लॉऱ्या नव्हत्याच, ऑस्टिन ए-40 नावाच्या मोटारी होत्या. नावातला 40 हा आकडा अश्वशक्तीचा. म्हणजे आज दाजी नुसत्या सायलेन्सरच्या बदलातून जितकी मिळण्याची आशा बाळगतात, साधारण त्याच्या दुपटीत त्या काळी अख्खं कुटुंब मद्रासहून तिरुपतीला जाऊन यायचं. पुढे 1955 साली कंपनी अशोक लेलँड झाली आणि बस-लॉरीला लागली. सुंदर मोटार बनवून झाल्यावर लॉरी बनवण्याचं शहाणपण एन्नोरला सात वर्षांत सुचलं. दाजींचा प्रवास उलट्या दिशेनं चालला आहे. दिवसभर लॉरीचे ब्लॉक ओतायचे, संध्याकाळी पिवळ्या मोटारीपुढे बसायचं.

शिवाय बंदर आहे. 2001 साली सुरू झालेलं आणि 2014 पासून कामराजर यांच्या नावाचं. ओरगडमला बनलेल्या निसानच्या गाड्या 2010 पासून इथून परदेशी जातात. गाड्या वाहून नेणारं जहाज म्हणजे खिडक्या नसलेली, पाण्यावर तरंगणारी अनेक मजली इमारत. रॅम्प खाली येतो आणि कोऱ्या गाड्या एकेक करून, लहान मुलांनी शाळेत ओळीनं जावं तशा, आत शिरतात. हजारो गाड्या एन्नोरला येतात आणि एकही इथं थांबत नाही. दाजींची पिवळी ही एन्नोरला स्वखुशीनं उलट दिशेनं आलेली बहुधा एकमेव परगावची गाडी असावी.

दाजींच्या बाजूनं बोलायचं तर त्यांच्याकडे भक्कम दाखला आहे. सचिन. सचिनला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. तिचं कोटीच्या वरचं आयातशुल्क माफ करण्यावरून देशभर वाद झाला आणि शेवटी ते फियाटनं भरलं, हे सगळं सगळ्यांना आठवतं. दाजींना आठवतं ते पुढचं. त्यानं नंतर निसान जीटी-आर घेतली आणि तिला बाहेरून मागवलेलं बॉडी किट चढवलं. "म्हंजे पहिली जशीच्या तशी, आन् दुसरीवर हात," दाजी म्हणतात. "सायबानं केलं तर कौतुक, आम्ही केलं तर आमटी बंद." मी म्हटलं, सचिनचं उत्पन्न वेगळं आहे. ते म्हणाले, "तत्त्व एकच हाय."

तत्त्व एकच असलं तरी गाडी उघडल्यावर जे निघतं ते एक नसतं. ह्या धंद्यात पहिली पायरी फार गोड असते. तिचं नाव स्टेज वन. लॅपटॉप घेऊन एक पोरगा येतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल खुपसतो, इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलतो. टर्बोनं हवा किती जोरानं कोंबायची, पेट्रोल किती टाकायचं, ठिणगी कधी पाडायची, एवढंच. एकही नट न फिरवता 150 च्या जागी 190 च्या घरात अश्वशक्ती. पोरगा पैसे घेऊन जातो. गाडीत काहीच बदललेलं दिसत नाही, फक्त मालकाचा चेहरा बदललेला असतो. इथं थांबणारी माणसं असतात म्हणे. मला अजून एकही भेटलेलं नाही.

वाढलेल्या ताकदीनं क्लच घसरायला लागला. म्हणून दणकट क्लच. तो इतका दणकट निघाला की दाजींच्या डाव्या गुडघ्याला पट्टा बांधावा लागला. एवढं जोरात पळायचं तर थांबताही यायला हवं, म्हणून मोठे ब्रेक. मोठे ब्रेक जुन्या चाकात मावेनात, म्हणून मोठी चाकं. मोठी चाकं बसली आणि गाडी उंच दिसायला लागली, म्हणून कॉइलओव्हर नावाच्या स्प्रिंगा घालून ती खाली बसवली. खाली बसवली आणि कत्तिवाक्कमच्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासलं, म्हणून पोटाखाली पत्रा. पत्र्यानं वजन वाढलं. वजन कमी करायला मागची सीट काढली. मागची सीट काढली त्या दिवशी आक्का म्हणाल्या, "बरं झालं. आता आम्हाला कुठं न्यायचा प्रश्नच मिटला." प्रत्येक खर्च हा आधीचा खर्च वाया जाऊ नये म्हणून केलेला. मला तर यात कुठंच चूक सापडत नाही, आणि हीच त्यातली भीती आहे. दाजींचं प्रत्येक पाऊल बरोबर आहे.

मग टर्बोवर गदा आली. मूळचा के-03. मोठा तो के-04. नवा परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही पुदुपेट्टैला गेलो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव मिळण्याचं चेन्नईतलं हे ठिकाण ज्यानं पाहिलं नाही त्यानं कुर्ल्याचं भंगार डोळ्यांपुढे आणावं आणि त्यात तामिळ घालावं. एका गाळ्यात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसते हेडलाइट. सगळे आपल्याकडे टक लावून. तिसऱ्यात गिअरबॉक्सच्या राशीवर एक म्हातारबा पेपर वाचत बसलेले. एका मोडीत गेलेल्या ऑडीचा टर्बो त्यांनी राशीतून पायानं पुढे सरकवला. दाजी उकिडवे बसले. बरोबर आणलेल्या फडक्यानं त्यांनी टर्बोचं तोंड पुसलं. मग आतल्या पात्यांच्या चाकाचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरलं आणि डोळे मिटले. आधी डावी-उजवीकडे हलवलं, अगदी केसाएवढं हललं. मग आत-बाहेर ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. डोळे उघडले आणि मान डोलावली. आडवा प्ले थोडा चालतो, तेल भरलं की तो राहत नाही, पण दांडा आत-बाहेर हलला तर टर्बो संपला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. हे चाक चालू गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. इतक्या वेगानं फिरणारी वस्तू घ्यायला आलेला माणूस तिची नाडी बघायला दहा मिनिटं घेतो, आणि समोर पेपर वाचणाऱ्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही. त्यांचं आपलं नाडीपरीक्षा होईपर्यंत आतलं पान वाचून झालं होतं. मग भावासाठी दोघांनी मिळून आकाशाकडे पाहिलं, बोटं मोजली, एकमेकांची भाषा येत नसल्याचा दोघांनीही फायदा घेतला.

के-04 बसला. आता ताकद खूप झाली, आणि एन्नोरनं आपला हिसका दाखवला.

टर्बोच्या गाडीला हवा थंड लागते. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त बसतो. गरम हवा सिलिंडरात कोंबली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेट घेतं आणि धातूवर खिळे टाकल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिनाचा संगणक शहाणा असतो. तो हे ऐकतो आणि ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे जोर कमी करतो. मे महिन्यातल्या दुपारी दाजींनी पैसे मोजून आणलेले सगळे जादा घोडे सावलीला जाऊन उभे राहतात. त्यांना बाहेर काढायला हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला. मग जादा ऑक्टेनचं पेट्रोल आलं. इंडियन ऑइलनं 2020 च्या डिसेंबरात देशात 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. ते मोजक्याच पंपांवर मिळतं आणि साध्या पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग असतं. दाजी ते कॅनमधून आणतात. पंपापर्यंत बसनं जातात, कारण गाडी नेली तर आणलेलं पेट्रोल येताना जळून जाईल.

आणि राख. एन्नोरला औष्णिक वीजकेंद्रं आहेत. कोसस्तलैयार नदीच्या मुखापाशी, जिथं कोळी लोक कोळंबी धरायचे, तिथं वर्षानुवर्षं राख साचत आली. खाडीचं पाणी काही ठिकाणी करडं दिसतं. 2017 च्या जानेवारीत बंदराबाहेर दोन जहाजं आपटून तेल सांडलं, तेव्हा तरुण पोरं बादल्यांनी किनाऱ्यावरचं तेल उपसताना सगळ्या देशानं पाहिली. 2023 च्या डिसेंबरात मिचौंग वादळाच्या पुरात पुन्हा तेल पसरलं. एन्नोरच्या लोकांच्या छातीत काय जातं याचा हिशेब कुणी नीट मांडत नाही. गाडीच्या छातीत काय जातं ते दाजींच्या वर्तमानपत्रावर दिसतं. गाडीला जास्त श्वास मिळावा म्हणून त्यांनी बंद डब्यातला फिल्टर काढून उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला आहे. दर आठवड्याला तो काढून ते पेपरवर हलके आपटतात. करड्या भुकटीची टेकडी होते. इतकी तलम, की आक्कांनी पंखा लावला आणि टेकडी सगळ्या घरभर झाली. त्यानंतर फिल्टर आपटण्याचा कार्यक्रम गच्चीवर हलवला आहे. तिथं आपटलेली राख परत गाडीवरच बसते.

एवढं सगळं झाल्यावर ताकद मोजली पाहिजे. ती मोजतात डायनोवर. गाडी रोलरांवर चढवायची, साखळ्यांनी बांधायची, आणि जागच्या जागी जोरात पळवायची. इतका खर्च करून गाडी शेवटी जागच्या जागी पळते, हे मी बोलून दाखवलं नाही, आमटी माझीही बंद झाली असती. शेवटी एक कागद मिळतो. त्यावर दोन रेषा चढत जातात आणि एका टोकाला आकडा. तो कागद दाजींनी लॅमिनेट करून देवघरात अंबाबाईच्या तसबिरीशेजारी लावला आहे. आक्का रोज देवीला फूल वाहतात, तेव्हा त्यांचा हात कागदाला वळसा घालून जातो. दाजी म्हणतात, मे महिन्यात डायनोवर जाऊ नये, कागद उदास येतो. डिसेंबरात जावं.

कायद्याचं काय, हा प्रश्न मी कारकून असल्यानं मलाच पडला. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात गाडी मूळच्या वर्णनापेक्षा वेगळी करण्यावर बंधनं आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत केरळच्या एका प्रकरणात ती कडक असल्याचं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं 182-अ कलम आलं. मालकानं असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. मी हे वाचून दाखवलं. दाजींनी 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचायला लावले, बोटं मोजली, दोन्ही हातांची संपल्यावर माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पण सायलेन्सर मी मूळचाच ठेवलाय." हे खरं आहे. कोल्हापुरात आणि पुण्यात बुलेटच्या फटफट सायलेन्सरांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो त्यांनी पेपरात पाहिले आहेत. कोल्हापूरच्या माणसाला रोलरखाली गेलेल्या चांगल्या वेल्डिंगचं दुःख होतं. सायलेन्सरमधून मिळणारी ती वीस अश्वशक्ती त्यांनी मनातच ठेवली आहे.

शिवाय गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ती ट्रॅकवर. श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, 1990 पासूनचा, सुमारे पावणेचार किलोमीटरचा. त्याआधी शर्यती शोलवरमला व्हायच्या. शोलवरम हे एन्नोरपासून आत, पश्चिमेला. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून होती, तिच्यावर मद्रासची हौशी माणसं मोटारी पळवायची. त्या शर्यतींचं वर्णन करणारा एक मेस्त्री तिरुवोट्रियूरला दाजींना भेटला आहे. पोरवयात तो तिथं पाने उचलून द्यायला असे. फियाट यायच्या, मद्रासलाच बनणारी स्टँडर्ड हेराल्ड यायची. मग 1980 नंतर बंगळूरची सिपानी डॉल्फिन आली. फायबरची बॉडी, रिलायंटचं इवलंसं इंजिन, पण वजनच नाही. ती मोठ्यांच्या पुढे निघून जायची. कोइंबतूरचे करिवर्धन ती चालवायचे, त्यांनीच पुढे मारुतीच्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती बनवली. विजय मल्ल्यानं तर खरी फॉर्म्युला वनची गाडी आणून तिथं पळवली. हे सांगताना मेस्त्रींच्या चेहऱ्यावर कौतुकच जास्त होतं. पैसे कुणाचे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. 2024 च्या ऑगस्टअखेर चेन्नई शहरात रात्रीच्या दिव्यांखाली रस्त्यावर फॉर्म्युला फोरची शर्यत झाली, तेव्हा दाजी कानात बोळे घालून कठड्याला चिकटून उभे होते. परत आल्यावर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की वळणावर ब्रेक आपल्यापेक्षा बरे आहेत.

तर ट्रॅकवर जायचं ठरलं. पण रस्त्यावर चालवायची नाही असं ठरलेलं, म्हणून सपाट पाठीचा टोइंगचा ट्रक आला. दीडशेची दोनशेच्या वर गेलेली, के-04ची, मोठ्या ब्रेकची, मागची सीट नसलेली ती पिवळी गाडी त्या ट्रकच्या पाठीवर दोऱ्यांनी बांधून एन्नोरहून निघाली. ट्रेलरांच्या रांगेतून, मणलीवरून, माधवरमवरून. दाजी ट्रकच्या केबिनमध्ये, मी मागून बसनं. दोन वेळा माझी बस पुढे गेली. ट्रॅकवर दाजींनी जे काही फेरे मारले ते मारताना ते खरंच देखणे दिसत होते, हे मान्य करायला हवं. वळणावर गाडी जमिनीला चिकटून राहायची आणि सरळ रस्त्याला तो टर्बोचा श्वास ऐकू यायचा. मग तापमानाचा काटा वर गेला, घोडे सावलीला गेले, आणि दाजी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसले. मला वाटलं निराश असतील. जवळ गेलो तर माणूस गुणगुणत होता. हात कोपरापर्यंत आत, तोंडात टॉर्च. ट्रॅकवर पळणाऱ्या इतरांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस पळायला नाही, बिघडायला आला आहे. धावणारी गाडी त्यांच्याकडे आहे की, ती लाल, कव्हराखाली. तिला काहीच होत नाही म्हणून तर ती कंटाळवाणी आहे.

मी हे आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला लगीन झाल्यापासून ठाऊक हाय. मिक्सर आणला तर आधी उघडला, मग चटणी केली."

एव्हाना घराची परिस्थिती अशी होती, की दारात दोन गाड्या आणि बाहेर जायला एकही नाही. लाल राखेत काढायची नाही, पिवळी उघडी पडलेली. बाजाराला जायला कत्तिवाक्कम स्टेशनवरून लोकल, नाहीतर विम्को नगरहून मेट्रो. आक्कांनी महिनाभर हे सोसलं आणि एका सकाळी बँकेतून पैसे काढून, दाजींना न विचारता, सीएनजीची वॅगन आर आणली. करडी. रंग मुद्दाम, म्हणाल्या, राख दिसत नाही. आरसी आक्कांच्या नावावर, दोन्ही चाव्या आक्कांच्या कमरेला. त्या गाडीतून आक्का ट्रेलरांच्या रांगेला उजवीकडून वळसा घालून, हॉर्न न थांबवता, अशा जातात की वाहतूक पोलीस आधी शिट्टी तोंडाला लावतो आणि मग सलाम करतो.

दाजींनी पहिले काही दिवस वॅगन आरकडे पाहिलंच नाही. मग एका रविवारी त्यांनी ती धुऊन देतो म्हणून चावी मागितली. आक्कांनी दिली नाही, बादली दिली. आम्ही गच्चीवर चहा घेत होतो. खाली बादलीचा आवाज थांबला, बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आक्का चहाचा कप अर्धाच ठेवून कठड्याशी गेल्या.

"बॉनेट लावा आधी!"

"अगं, नुसतं बघतोय," खालून आवाज आला. "तुला ठाऊक हाय का, हिच्या फिल्टरच्या डब्यात केवढी जागा रिकामी ठेवलीय?"